सहलीची गिटार वेगळी ठेवा

पाऊस लागला की क्लासमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, शनिवारी राजमाचीला चाललोय, गिटार नेऊ का?" मी विचारतो, कुठली? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "घरचीच. एकच आहे ना." ही घरची म्हणजे कुणी पहिल्या पगारातून घेतलेली, कुणाला वडिलांनी बारावीनंतर हौसेने घेऊन दिलेली, कुणाच्या मामाची आठवण. मी स्पष्ट सांगतो, ती नेऊ नका. गिटार मात्र जरूर न्या. रात्री पावसात अडकलेल्या आठ-दहा जणांत एक गिटार असली की वेळ कसा जातो ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. फक्त ती दुसरी असू द्या.

माझी पहिली चांगली गिटार मी अशीच मोडून घेतली. पहाटेच्या एसटीची वाट बघत होतो. पातळ कव्हरमधली गिटार स्टँडवरच्या बाकाला टेकवून ठेवली होती. कुणाच्या तरी पिशवीचा धक्का लागला आणि ती पाठीवर पडली. वाळकी काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. चेन उघडली तर बॉडीवर ओरखडासुद्धा नव्हता. पण हेडस्टॉक नेकपासून सुटून तारांच्या आधाराने लोंबत होता, आणि मोडल्या जागी लाकडाचे ताजे, फिकट गुलाबी तंतू उघडे पडले होते.

गिटार मोडते ती बहुधा याच जागी. नेक तिथे सर्वांत बारीक असतो, बऱ्याच गिटारींचा हेडस्टॉक मागे झुकलेला असल्यामुळे लाकडाचे तंतू तिथे आखूड पडतात, आणि आतून ट्रस रॉडची खाच गेलेली असते. खुंट्यांचं वजन टोकाला. त्यात नेहमीच्या बारा गेजच्या सहा तारा मिळून साधारण ७५ किलोंचा ताण अहोरात्र ओढत असतात. पाठीवर पडल्यावर पहिला फटका हेडस्टॉकला बसतो, उरलेलं काम तो ताण करतो. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर लगेच तारा सैल करा, मोडलेल्या तंतूंना हात लावू नका आणि काही झालं तरी त्यात फेविक्विक ओतू नका. ताजा, स्वच्छ तडा चांगला कारागीर असा सांधतो की पुढची कित्येक वर्षं काळजी नको. आधी फेविक्विक गेलेला तडा हातात आला की तोच कारागीर मान हलवतो.

बाहेरचं वाद्य वेगळं ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मिरजेचा मोठ्या भोपळ्याचा तानपुरा घरी ठेवून प्रवासाला लहान तानपुरी नेणारे गायक पूर्वीपासून आहेत. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, त्यानेही प्रवासाची मोठी सोय झाली. भजनी मंडळात बघा, गावोगाव फिरणारी पेटी एक असते आणि बुवांची घरची पेटी दुसरी. गिटार वाजवणाऱ्यांनीही ही रीत उचलावी.

आता दुसरी कुठली घ्यायची? इथे बहुतेक जण घसरतात. फेकायचीच आहे म्हणून दुकानातली सगळ्यांत स्वस्त उचलतात. मग ती सुरात राहत नाही, तारा इतक्या उंच असतात की बार कॉर्ड धरताना बोटं सोलून निघतात, आणि दुसऱ्या सहलीनंतर ती माळ्यावर जाते. तिसऱ्या सहलीला पुन्हा घरची निघते. सहलीची गिटार हरवली किंवा फुटली तर वाईट वाटावं, पण महिन्याचा हिशेब कोलमडू नये. आणि वाजवायला मात्र ती सरळ हवी. माझा अनुभव असा की नव्या गिटारीत पाच ते दहा हजारांच्या दरम्यान ही बेरीज जमते. जुनी मिळाली तर त्याहून कमीत.

पहिली गोष्ट म्हणजे टॉप प्लायचा घ्या. घरच्या गिटारीसाठी मी कुणालाही सॉलिड टॉपच सांगेन, कारण आवाज वर्षागणिक खुलतो. पण एकसंध लाकूड दमट हवेत फुगतं. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि जुलैतल्या कोकणात ती ८५-९०च्या घरात असते. टॉप ब्रिजच्या मागे पोट आल्यासारखा वर येतो, त्याबरोबर तारा उचलल्या जातात. मे महिन्यात हलकी वाजणारी गिटार जुलैत बोटांना चावते ती त्यामुळे. उलट हिवाळ्यात देशावरच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला हाताला लागू लागतात. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ही ओढाताण त्यात खूप कमी होते. यामाहाची एफ-३१० सारखी प्लायची साधी गिटार वर्षानुवर्षं मार खाऊन उभी राहते ती यामुळेच. दुकानात ओळखायचं तर साउंडहोलची कड निरखून बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर टॉप सॉलिड. कडेला सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा ही कड खरं सांगते.

दुसरं, ट्रस रॉड आहे का आणि तो फिरतो का, हे विचारा. अगदी स्वस्त गिटारींत तो नसतो, किंवा नावाला असतो. आमच्या हवेत नेक वर्षातून दोनदा तरी थोडा वाकतो, आणि रॉड नसेल तर त्यावर इलाज राहत नाही.

मग प्रत्यक्ष हातात घेऊन बघा, आणि घाई करू नका. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकवर नजर टाका, सुतार फळीची धार बघतो तशी. किंचित खोलगट असेल तर चालेल, पीळ असेल तर परत ठेवा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी. चारच्या पुढे असेल तर सेटअपचा खर्च किमतीत धरा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, कुठे झणझण होते का ऐका. फोनवर ट्यूनर लावून मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार वाजवा. दोन्ही स्वर बरोबर एका सप्तकाच्या अंतरावर हवेत. जुनी घेत असाल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. कार्ड आत शिरलं की समजा, ब्रिज सुटायला लागलाय. जुन्यावरचे ओरखडे, उडालेलं पॉलिश याने काही बिघडत नाही. उलट पहिला ओरखडा आधीच कुणीतरी पाडून ठेवलेला बरा.

लहान गिटारींबद्दल खूप जण विचारतात. पाऊण आकाराची गिटार रेल्वेच्या वरच्या बर्थवर उशाशी मावते, ट्रेकला पाठीवर झाडांत अडकत नाही, म्हणून मला ती पसंत आहे. आवाजात खालचा भरदारपणा कमी होतो, पण उघड्यावर तो तसाही विरून जातो. यामाहाचं गिटालेले आणखी लहान. नायलॉनच्या सहा तारा, पण ते पाचव्या फ्रेटला कॅपो लावल्यासारखं सुरात असतं, तेव्हा गाणाऱ्याची पट्टी आधी बघून घ्या. मार्टिनची बॅकपॅकर १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अंतराळात जाऊन आली. प्रवासाला तिच्याइतकी सुटसुटीत दुसरी नाही, पण पट्ट्याशिवाय मांडीवर ती ठरत नाही आणि आवाजही बारीक. दहा जणांच्या घोळक्यात ती ऐकू येणार नाही. कार्बन फायबरच्या गिटारींना पाऊस आणि ऊन दोन्हीची फिकीर नाही. ऐपत असेल तर अवश्य घ्या. पण मग तीही जपावीच लागते, कारण चोराला ती तेवढीच आवडते.

उन्हाचं मात्र मनापासून सांगतो. पावसाला सगळे घाबरतात, गाडीतल्या उन्हाला कुणी घाबरत नाही. बाहेर ३५ अंश असेल तर बंद गाडी तासाभरात ५०च्या पुढे जाते. उन्हात मागच्या सीटवर, काळ्या बॅगेत ठेवलेली गिटार त्याहून तापते. लाकडाचा नेहमीचा गोंद साठ-पासष्ट अंशांच्या सुमारास नरमतो आणि तारा ओढतच असतात. माझा एक विद्यार्थी काशीदला समुद्रात डुंबून येईपर्यंत, दीड-दोन तासांत, गाडीतल्या त्याच्या गिटारीचा ब्रिज मागच्या बाजूने नखभर उचलला गेला होता. गिटार गाडीत ठेवू नका. ठेवावीच लागली तर सावलीत, आणि सगळ्या तारा दोन स्वर उतरवून. समुद्रावरून आल्यावर तारा कोरड्या फडक्याने वरून आणि खालूनही पुसा. खाऱ्या हवेत साध्या तारा आठवड्यात काळ्या पडतात. कोटिंगच्या तारा महाग वाटतात, पण किनाऱ्यावर त्या पैसे वसूल करतात.

बॅगेवर कंजुषी करू नका. गिटारीवर हजार रुपये वाचवा आणि ते बॅगेत घाला. फोम बोटभर जाडीचा हवा, हेडस्टॉकखाली वेगळी गादी हवी, वर पावसाचं कव्हर हवं. चालत्या गाडीत गिटार आडवी, तोंड वर करून ठेवा आणि तिच्यावर सॅक रचू देऊ नका. बसच्या टपावर किंवा डिकीत द्यायची वेळ आली तर ती छातीशी धरून उभ्याने प्रवास केलेला परवडतो.

आणखी एक. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. तिथे शेकोटीचा धूर करून मैफल मांडू नका. मुक्कामाला गावातल्या पडवीत बसा, घरच्या माणसांना विचारून वाजवा. ती मंडळीच मग दुसऱ्या गाण्याची फर्माईश करतात.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे, आजच करा. एका चिठ्ठीवर आपलं नाव आणि फोन नंबर पक्क्या शाईने लिहा, वर पारदर्शक टेप लावा आणि साउंडहोलमधून दिसेल अशी आतल्या पाठीला चिकटवा. माझी सहलीची गिटार तीन वर्षांपूर्वी एसटीत राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोतून फोन आला. चिठ्ठी वाचूनच त्यांनी तो केला होता.