दोष मुलांच्या माथी कशाला?

‘आजची मुले वाचत नाहीत’ हा परभणीत घरोघरी ऐकू येणारा आक्रोश मुळात ढोंगी आहे. नुकतीच तीन प्रकारची पुस्तके पुन्हा वाचली : अनंत पै यांनी १९६७ साली आरंभिलेली ‘अमर चित्र कथा’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि बी. रघुनाथांच्या कादंबऱ्या. एकाच जिन्याच्या या तीन पायऱ्या. चित्रकथेतील पात्रे ठोकळेबाज असतात, हे मान्य. पण तिच्याच बोटाला धरून मूल फुरसुंगीच्या फेणेपर्यंत पोहोचते. तिला टाकाऊ ठरवणारे विद्वान पहिली पायरीच उखडतात आणि मुलाने थेट तिसरीवर उडी घ्यावी, अशी अपेक्षा धरतात!

निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. तशा काळात सरकारी नोकरी सांभाळून बी. रघुनाथ याच परभणीत मराठीत लिहीत राहिले आणि १९५३ साली, अवघ्या चाळिशीत गेले. आज मराठीला कोण अडवतो? त्यांच्या नावाच्या सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्या किती घरांत ‘आडगावचे चौधरी’ आहे? मुलाच्या हाती मोबाइल देणाऱ्या पालकांनी आधी स्वतःचे कपाट उघडून पाहावे. तिथे पुस्तकच नसेल, तर अपराधी मूल नव्हे!