सभेत एक, सरकारात दुसरे

१५९८ साली आपल्या बेटाला राजपुत्र मॉरिसचे नाव देणाऱ्या डचांच्या देशात, आइंडहोवन शहराला लागून फेल्डहोवन नावाचे गाव आहे. संगणकाच्या चिपा ज्या यंत्रांवर तयार होतात ती महागडी यंत्रे बनवणारी एएसएमएल कंपनी तेथलीच. नेदरलँड्समधील तिच्या नोकरवर्गात सुमारे ४० टक्के लोक परदेशी; त्यांत भारतीय इंजिनियरही पुष्कळ.

नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने १५० पैकी ३७ जागा जिंकल्या. प्रचाराचा सूर ठाऊकच आहे : बाहेरचे लोक नकोत. परदेशी कुशल नोकरांची करसवलत कापण्याचे संसदेने त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, मान्य केले होते. २०२४ च्या आरंभी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पीटर वेनिंक यांनी बजावले की येथे माणसे मिळणार नसतील तर आम्ही दुसरीकडे वाढू. मग पळापळ झाली! मार्चमध्ये मावळत्या सरकारने त्या भागातील घरे, वाहतूक व शिक्षणासाठी अडीच अब्ज युरोंची योजना काढली. सप्टेंबरमध्ये नव्या सरकारने करसवलतीची बरीच कपात मागे घेतली. आणि या सरकारातला सर्वांत मोठा पक्ष विल्डर्स यांचाच होता.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. उदारमतवादी पक्षाच्या नेत्या दिलान येसिलग्योझ स्वतः तुर्कस्तानातून लहानपणी आलेल्या. त्यांचा पक्ष विल्डर्स यांच्यासोबत सत्तेत बसला. जून २०२५ मध्ये विल्डर्स बाहेर पडताच त्यांना बेजबाबदार ठरवण्यात याच बाई पुढे होत्या.

वाचकहो, घर मिळत नाही हे तेथील तरुणांचे गाऱ्हाणे खोटे नव्हे. पण घरे कोणी बांधायची, पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न परक्यांच्या नावाने चाललेल्या ओरड्यात बुडून जातो. आपले लोक तरी कुठे शहाणे? २०२२ साली विल्डर्स यांनी नूपुर शर्मांची बाजू घेतली तेव्हा भारतात अनेकांनी त्यांना डोक्यावर घेतले. 'बाहेरचे नकोत' या आरोळीत आपला पुण्याचा भाचाही मोडतो, हे कोणी पाहिले नाही.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. १९६७ साली गाएतान द्युवाल यांच्या पक्षाने हिंदू वर्चस्वाची भीती दाखवून स्वातंत्र्याला विरोध केला आणि त्या बाजूला ४४ टक्के मते पडली. दोनच वर्षांनी तो पक्ष रामगुलाम यांच्या सरकारात आला, द्युवाल परराष्ट्रमंत्री झाले. प्रचारात गावोगाव बोललेले शब्द परत घ्यायला मात्र कोणी फिरकले नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विल्डर्स यांचा पक्ष २६ जागांवर आला. फेल्डहोवनच्या परिसरात घरांची टंचाई आहेच.