बाटली नव्हे, तळ तपासा

‘नदीचे प्रदूषण मोजायला बाटलीभर पाणी पुरते, तळातल्या अळ्या मोजत बसायचे कशाला?’ हा आक्षेप अभियंते मंडळी हमखास घेतात. पाण्याच्या चाचणीतून आकडा हाती लागतो आणि तो कोर्टात टिकतो, एवढे मला मान्य आहे.

पण तो आकडा कुठल्या वेळचा? रात्री सोडलेले सांडपाणी सकाळच्या बाटलीत सापडत नाही. शिसे, तांबे, जस्त यांचा मोठा वाटा गाळाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो. तिथली अळी मात्र आठवडेच्या आठवडे त्याच गाळात राहते, तोच गाळ खाते.

ती अळी गाठायची तर जाळे प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरावे, पायाने तळ ढवळावा (ब्रिटनमध्ये यासाठी तीन मिनिटे ठरलेली आहेत) आणि जाळ्यातला ऐवज पांढऱ्या ट्रेमध्ये ओतावा. ओढा निरोगी असेल तर मेफ्लाय या कीटकाची पिल्ले दिसतात. त्यांच्या पोटाच्या कडेला पानांसारखे नाजूक कल्ले असतात. माती वाहून आली की हे कल्ले माखतात आणि दगडांखालच्या फटी बुजून राहायची जागाही जाते. मग ट्रेमध्ये उरतात कायरोनोमस या कीटकाच्या लालभडक अळ्या. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे प्राणवायू नसल्यासारख्या चिखलातही त्या तग धरतात.

‘पुरात सगळेच वाहून जाते,’ हा दुसरा आक्षेप. जातेच, म्हणून पूर ओसरून तळ स्थिरावल्यावर नमुना घ्यायचा आणि वरच्या अंगाच्या स्वच्छ पट्ट्याशी ताडून पाहायचा.

उत्साही निसर्गप्रेमींचेही कान उपटायला हवेत. मेफ्लाय दिसली नाही की लगेच ‘विष, विष’ म्हणून ओरडणे चूक. वरच्या बाजूला नुसता रस्ता खोदला असेल, किंवा ओढा मुळातच संथ आणि वाळूचा असेल. नेमके विष कोणते, हे अळी सांगत नाही. म्हणून गाळाचे रसायन, त्या गाळात प्रयोगशाळेत जगवलेले जीव आणि प्रत्यक्ष तळातली वस्ती, हे तिन्ही एकत्र पाहावे. लाँग आणि चॅपमन या संशोधकांनी १९८५ साली अमेरिकेतल्या प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीसाठी मांडलेली ही त्रिसूत्री पुढे नद्यांनाही लावली गेली.

आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही तळातल्या जीवांवर आधारलेले निकष आहेत. तेव्हा तुमच्या गावच्या नदीसुधारणेचा अहवाल हरकतींसाठी खुला झाला की त्यात गाळाचे आणि गाळातल्या जीवांचे पान आहे का, ते बघा. नसेल तर लेखी हरकत नोंदवा.