संगणक आपोआप बंद-चालू होतो तेव्हा

लक्ष्मीपुरीत माझ्या एका स्नेह्यांची धान्याची घाऊक पेढी आहे. गेल्या मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या धामधुमीत, त्यांचा फोन आला. "साहेब, जरा पेढीवर येऊन जाता का? तेरीज जुळते, पण माल जुळत नाही." बँकेची नोकरी संपून सात वर्षे झाली, तरी असे शब्द कानी पडले की पाय आपोआप चपलांकडे वळतात.

प्रकरण नाजूक होते. दोन महिन्यांतील सात विक्रीबिले टॅलीमध्ये सापडत नव्हती. गोदामातील पोती पुस्तकी शिलकेपेक्षा कमी भरत होती. उलट तीन गिऱ्हाइकांचे पैसे जमा दिसत होते, पण त्यांच्या नावे विक्रीच नव्हती. धाकट्या चिरंजीवांचा रोख दिवाणजींकडे होता. दिवाणजी या पेढीवर एकतीस वर्षे आहेत. "मी नोंद केली आहे, मालक," एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते. चिरंजीवांचे म्हणणे, नोंद केली असती तर ती दिसली असती. दोघांचेही बोलणे आपापल्या जागी बरोबर होते, आणि पेच तेथेच होता.

बोलता बोलता दुसरी एक तक्रार निघाली, जी कोणी या प्रकरणाशी जोडलीच नव्हती. पेढीचा संगणक काम करता करता मध्येच बंद होऊन आपोआप पुन्हा चालू होत असे. कारागिराने दोनदा विंडोज नव्याने घालून दिली होती, 'व्हायरस असेल' म्हणून. त्यात त्याचा फार दोष नाही. ऑगस्ट 2003 मध्ये 'ब्लास्टर' नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांवर साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून ते बंद-चालू करण्याचा सपाटा लावला होता, आणि त्या काळापासून हे निदान तोंडी बसले आहे. त्यावरचा दुरुस्ती-संच मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिला होता, तो ज्यांनी बसवला नाही ते सापडले. आज मात्र अशा तक्रारीच्या मुळाशी बहुधा वीज, उष्णता किंवा एखादा थकलेला सुटा भाग असतो.

बँकेत फरक निघाला की आम्ही प्रथम डे-बुक उघडत असू. संगणकही स्वतःचे डे-बुक लिहितो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पडद्यावरील स्टार्टच्या चिन्हावर माउसचे उजवे बटण दाबले की एक यादी येते. तिच्यात 'इव्हेंट व्ह्यूअर' असते. तेथे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टीम' उघडावे. 1074 क्रमांकाची नोंद असेल, तर एखाद्या प्रोग्रामने किंवा माणसाने सांगून संगणक बंद केला, उदाहरणार्थ विंडोजच्या अपडेटने. 41 क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' ही नोंद असेल, तर संगणक रीतसर बंद न होताच पुन्हा सुरू झाला. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल, तर विंडोजला कोसळण्याचे कारण लिहायलासुद्धा अवसर मिळाला नाही. अशा वेळी संशय विजेवर किंवा यंत्राच्या भागांवर घ्यावा. शून्याखेरीज आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा प्रकार, आणि मग ड्रायव्हर, मेमरी, डिस्क यांची तपासणी.

पेढीच्या संगणकात 41 च्या नोंदींची रांग होती, सर्व शून्याच्या. मी तारखा व वेळा कागदावर उतरवून घेतल्या. नंतर दिवाणजींची कच्ची वही मागितली. हमालीचा हिशेब चोख राहावा म्हणून ते प्रत्येक माल सुटल्याची वेळ त्यात टिपतात; जुनी सवय. दोन्ही कागद शेजारी ठेवले. हरवलेल्या सातांपैकी सहा बिलांच्या वेळा संगणक बंद पडल्याच्या वेळांना पाच-दहा मिनिटांच्या अंतराने लागून होत्या. चिरंजीवांनी ते स्वतः दोनदा ताडून पाहिले आणि काही न बोलता दिवाणजींसाठी चहा सांगितला.

आता राहिले कारण. वेळा बहुतेक सायंकाळी सहा ते आठच्या होत्या. दिवाळीत पेढीने डॉट मॅट्रिक्स काढून लेझर प्रिंटर घेतला होता आणि तो यूपीएसलाच जोडला होता. लेझर प्रिंटर शाई कागदावर वितळवून बसवतो. त्यासाठी आतील रूळ तापवताना तो क्षणभर कित्येकशे वॅट ओढतो. सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस जेमतेम साडेतीनशे वॅटचा असतो. सायंकाळी दाब आधीच उतरलेला, त्यात प्रिंटरने घोट घेतला की तो आणखी खाली जाई आणि यूपीएस बॅटरीवर येई. बॅटरी मात्र केव्हाच मेलेली. मी टॅली बंद करून, यूपीएसला संगणकाऐवजी एक साधा दिवा जोडून भिंतीतील प्लग काढला. दिवा तत्क्षणी विझला. या लहान बॅटऱ्या दोन-तीन वर्षांच्या धनी असतात, आणि विजेचा खंड पडेपर्यंत मेल्याचे कळत नाही.

टॅलीत बिल स्वीकारताच छपाईची आज्ञा जावी, अशी त्यांची रचना होती. म्हणजे नोंद करणे आणि प्रिंटर तापणे लागोपाठ. लिहिलेला मजकूर संगणक काही वेळ तात्पुरत्या स्मृतीत धरून मग डिस्कवर उतरवतो. मधल्या क्षणी वीज गेली तर तो कधी उतरतो, कधी उतरत नाही. गिऱ्हाईक खोळंबलेले, म्हणून दिवाणजी हातबिल देऊन माल सोडीत आणि नोंद झाली आहे या समजुतीने पुढच्या कामाला लागत. सातवे बिल कोठे गेले ते अखेर कळले नाही. ते आम्ही उचंत खात्यात ठेवले.

प्रिंटर भिंतीतील स्वतंत्र प्लगवर नेला, बॅटरी बदलली, आणि टॅलीतील 'रिपेअर'ने माहिती तपासून घेतली; अर्थात आधी बॅकअप काढून. पुढील पंधरा दिवसांत 41 ची एकही नवी नोंद आली नाही.

सर्वांच्या घरी हेच कारण असेल असे नव्हे. चालू केल्यावर अर्ध्या तासाने बंद पडून, नंतर अधिकाधिक लवकर बंद पडू लागला, तर तो तापतो आहे असे समजावे. धान्य, कापूस, गूळ यांच्या पेढ्यांवर पंख्यात धूळ फार साचते. वीज पूर्ण काढून, झाकण उघडून मऊ कुंचल्याने ती झाडावी. आत कोळ्याने घर केले असेल किंवा मुंग्या असतील, तर फुंकर मारण्याआधी त्यांना हलकेच बाहेर वाट द्यावी. यूपीएस व वायरिंग निर्दोष असूनही 41 येत राहिली, तर आतला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, बदलून पाहावा. तो घरी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात धोकादायक दाब शिल्लक असतो. कॅबिनेटचे रीसेट बटण पोत्याने किंवा फायलीने दबत नाही ना, हेही पाहावे. हसू नये, मी असा प्रकार पाहिला आहे. आणि 2019 व 2021 च्या महापुरात ज्यांच्या दुकानात पाणी शिरले होते, त्यांनी त्यानंतर अर्थिंग तपासून घेतले नसेल, तर जाणत्या वायरमनकडून ते आधी करून घ्यावे.

टॅलीचा बॅकअप कोठे, किती वेळा आणि कोणाच्या ताब्यात ठेवावा, याविषयी पुढील अंकी लिहीन.