कुलूप घराला, किल्ली परक्याच्या हाती

घरात इंटरनेट आले की पाठोपाठ भीती येते आणि भीती आली की तिच्यावर तोडगा विकणारेही येतात. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली गेल्याच्या बातम्या वाचून धास्तावलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना सध्या एक रामबाण उपाय सांगितला जातो. राऊटरवरच व्हीपीएन बसवा, म्हणजे घरातील प्रत्येक फोन, संगणक आणि टीव्ही एका फटक्यात सुरक्षित! एकच वर्गणी आणि घरभर निश्चिंती. हे ऐकायला इतके सोयीचे आहे की मुळात रोग कोणता, हे विचारण्याचे भान कोणालाच राहत नाही.

व्हीपीएन हे वस्तुतः एक भुयार आहे. फोनपासून किंवा राऊटरपासून ते निघते आणि व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपाशी संपते. त्यातून काय जाते, हे वाटेतल्या इंटरनेट पुरवठादाराला दिसत नाही. भुयाराच्या दुसऱ्या तोंडाशी बसलेल्या कंपनीला मात्र कुटुंब कोणकोणत्या संकेतस्थळांवर जाते, हे दिसू शकते. म्हणजे विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही, केवळ विश्वासाचा धनी बदलतो. बँकेचे व्यवहार तर व्हीपीएनविनाही कूटबद्ध स्वरूपातच जातात. आणि तोतया पोलिसाच्या फोनवर विश्वास ठेवून आजोबा स्वतःच्या हाताने पैसे पाठवत असतील, तर ते पैसेही या भुयारातून सुखरूप चोरापर्यंत पोहोचतील. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ते हेच!

राखणदाराचीच चोरी

भुयाराचा धनी कसा निघू शकतो, याचा दाखला फार जुना नाही. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे मोफत व्हीपीएन ॲप माहितीच्या संरक्षणाचे आश्वासन देत असे. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात, याची माहिती त्याच मार्गाने फेसबुकच्या व्यवसायाला मिळत होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या ॲप स्टोअरवरून हटवावे लागले आणि २०१९ मध्ये ही सेवा बंद झाली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने या प्रकरणी फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

असे ॲप एका फोनवर असेल तर हानी एका माणसाची होते. तीच व्यवस्था राऊटरवर बसली की आजोबांचे निवृत्तिवेतन, आईच्या आजाराची शोधाशोध, मुलांचा अभ्यास, सारे एकाच अनोळखी दारातून जाऊ लागते. त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असते? किती जणांची संमती घेतलेली असते? फोनवर व्हीपीएन चालू असेल तर पडद्यावर त्याची खूण दिसते, नको असेल तेव्हा ते बंदही करता येते. राऊटरवरचे भुयार मात्र मुकाट्याने चालते आणि कधीकधी मुकाट्याने तुटतेही. जोडणी तुटताच इंटरनेट रोखण्याची सोय केलेली नसेल, तर सारी वाहतूक उघड्यावर येते आणि घर मात्र सुरक्षिततेच्या भ्रमात राहते.

किल्ली परक्याच्या हाती, हे तर शब्दशः खरे आहे. भारताच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती किमान पाच वर्षे जपण्यास सांगितले. ग्राहकांच्या खासगीपणाचे कारण पुढे करून एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातील सर्व्हर काढून घेतले. त्यांचे कारण प्रामाणिक मानले, तरी उद्या तक्रार उद्भवली तर डोंबिवलीच्या कुटुंबाने कोणत्या देशातले दार ठोठावायचे?

गरज ज्याची, व्हीपीएन त्याचे

राऊटरच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. अनेक टीव्ही संचांवर व्हीपीएन ॲप बसत नाही, शिवाय प्रत्येक यंत्र वेगळे सांभाळणे कटकटीचे असते. परंतु टीव्हीला खरोखर कशापासून लपायचे आहे? उलट सर्वांचे कूटबद्धीकरण राऊटरच्या लहानशा प्रोसेसरवर पडले की घरभर वेग मंदावतो. परदेशी पत्ता पाहून बँकेचे संकेतस्थळही अडून बसू शकते. शिवाय खरी जोखीम असते ती रेल्वे स्थानकावरच्या, हॉटेलातल्या फुकट वायफायवर, आणि तिथे घरच्या राऊटरवरचे कवच फोनसोबत जात नाही. कार्यालयाचे व्हीपीएन लॅपटॉपवर असतेच, त्यावर राऊटरचे दुसरे भुयार म्हणजे भुयारात भुयार.

दुर्लक्ष होते ते राऊटरच्या स्वतःच्या सुरक्षेकडे. २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घातक प्रणालीने ५४ देशांतील किमान पाच लाख यंत्रे बाधित केल्याचे उघड झाले. नावात व्हीपीएन असले तरी तिचा व्हीपीएनशी संबंध नव्हता. तिचे लक्ष्य होते ते मुख्यतः जुन्या त्रुटी न बुजवलेले राऊटर. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे, नवी सुधारित प्रणाली वेळेवर बसवणे आणि पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवणे, या तिन्ही गोष्टींना वर्गणी लागत नाही. म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

प्रवासात असणाऱ्याने आपल्या फोनवर, पारखून घेतलेले व्हीपीएन गरजेपुरते अवश्य वापरावे. साऱ्या कुटुंबाच्या वतीने परक्याशी करार करण्यापूर्वी मात्र घरातल्या सर्वांना एकत्र बसवून विचारावे. त्याच बैठकीत आजोबांना हेही सांगावे की कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. त्यांची पुंजी वाचवण्याचे जे काम राऊटरवरचे व्हीपीएन करू शकत नाही, ते हे एक वाक्य करील.