टीबीच्या कार्डाखाली दडवलेली धूळ

जळकोट तालुक्यात दगडाला तोटा नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा मुलूख. माती कमी, दगड जास्त. रस्ता निघाला, पूल निघाला, घरकुले मंजूर झाली की खडी लागते. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून क्रशसँडही लागते, म्हणजे तोच दगड आणखी बारीक दळायचा. खडी कुठून येते हे सगळ्यांना माहीत आहे. ती फोडताना, चाळताना, टिपरमध्ये भरताना उडणारी धूळ कोणाच्या छातीत जाते, हे विचारले की सगळे गप्प होतात.

आम्ही विचारणार आहोत. कारण ती छाती वडाराची आहे, मातंगाची आहे, बौद्धाची आहे, पारध्याची आहे. क्रशरचा मालक, खडीचा ठेकेदार आणि बिल काढणारा साहेब यांच्या छातीचे एक्स-रे स्वच्छ निघतात.

आधी रोग समजून घेऊ. दगडात सिलिका नावाचे खनिज असते. दगड फुटला की त्याचे इतके बारीक कण हवेत उडतात, की डोळ्याला दिसणारी धूळ ही त्यातली कमी धोक्याची म्हणावी लागेल. जाड धूळ नाकात, घशात अडते. पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. त्या जागी घट्टे तयार होतात. घट्टा पडलेला भाग पुन्हा कधी श्वास घेत नाही. हा सिलिकोसिस. त्याला बरे करणारे औषध जगात नाही. काम सोडले तरी तो वाढत राहू शकतो. साधारण दहा वर्षे धूळ खाल्ल्यावर तो दिसतो, पण धूळ दाट असेल तर त्याच्या कितीतरी आधी. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही, आणि संध्याकाळी गूळ खाल्ल्याने छाती साफ होत नाही. गूळ पोटात जातो, धूळ फुफ्फुसात असते.

आता या रोगाचे राजकारण बघा. खोकला, ताप, धाप, वजन उतरणे. कामगार दवाखान्यात जातो, एक्स-रेवर डाग दिसतात, टीबीचे कार्ड निघते. सहा महिने गोळ्या. थोडे बरे वाटते. पुन्हा खोकला, पुन्हा कार्ड. 'तू काय काम करतोस, किती वर्षे करतोस' हा एक प्रश्न विचारला असता तर कागदावर वेगळे काही लिहावे लागले असते. तो प्रश्न विचारला जात नाही. विचारतात ते एवढेच : दारू पितोस का, बिडी ओढतोस का?

हा केवळ निदानातला गोंधळ आहे असे कोणी समजू नये. टीबी ही सरकारची जबाबदारी असते. सिलिकोसिस ही मालकाची. टीबी झाला की निक्षयचे हजार रुपये महिना मिळतात आणि विषय संपतो. सिलिकोसिस लिहिला की कारखाना निरीक्षकाला कळवावे लागते, भरपाईचा दावा उभा राहतो, क्रशरवर पाणी का मारले नाही हे विचारावे लागते. एक शब्द बदलला की मालक सुटतो. (इथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो : सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो, दोन्ही एकत्रही असतात. म्हणून चालू असलेल्या टीबीच्या गोळ्या कोणी बंद करायच्या नाहीत.)

यावर एक शहाणपणाचा युक्तिवाद ऐकवला जातो. मराठवाड्याचा दगड काळा, बेसाल्टचा; त्यात मोकळी सिलिका फार नसते, तेव्हा हा रोग इथला नाहीच. बेसाल्टचे म्हणणे खरे आहे. पण जळकोटपासून पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे सरकले की काळा दगड संपतो आणि ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर. पुढे तेलंगण, बहुतेक त्याच जातीच्या दगडाचा. आमची माणसे पोटासाठी एका दगडावर थांबत नाहीत. आज इथल्या क्रशरवर, उद्या हैदराबादकडे, परवा पुण्यात फरशी कापायला. आणि बेसाल्टची धूळ म्हणजे काही अत्तर नव्हे. कुठलीही दगडी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की जुनाट खोकला आणि कायमची धाप लागतेच. सिलिका कमी आहे म्हणता ना, मग क्रशरवर यंत्र लावा, मोजा आणि आकडा फलकावर लिहा.

आणि दगड फोडायला हीच माणसे का? 'ती त्यांची परंपरागत कला आहे' असे कौतुकाने सांगितले जाते. पाटे-वरवंटे, जाती, धरणे, किल्ले वडारांनी घडवले हे खरेच. पण ज्या कलेत सनद, जमीन, मालकी काहीच हाती येत नाही आणि घण तेवढा पिढ्यान्‌पिढ्या येतो, तिला कला म्हणणाऱ्याने एक आठवडा चाळणीखाली उभे राहून दाखवावे. मुंबईच्या कापड गिरण्यांत साच्याखात्यात अस्पृश्य चालत नसे, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. कोणी कुठल्या खात्यात उभे राहायचे हे यंत्र ठरवत नव्हते, जात ठरवत होती. कोणी कुठली हवा घ्यायची, हेही तशीच ठरवते.

अमेरिकेत वेगळे घडले नाही. १९३०-३१ साली वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा खणला गेला. सिलिकाने भरलेला खडक, पाणी न मारता कोरडे ड्रिलिंग, आणि आत खपणारे बहुसंख्य मजूर काळे. शेकडो मेले. काम युनियन कार्बाइडसाठी चालले होते. होय, तीच, १९८४ च्या भोपाळची. आपल्या देशात मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गुजरातच्या गोध्राकडे क्वार्ट्‌झ दळायला गेले आणि घरी मरायला आले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितले. ते आपोआप झाले नाही. कोणीतरी पाड्या-पाड्यावर फिरून मेलेल्यांची यादी केली होती.

आमच्या चळवळीने अशी यादी कधी केली? जयंतीची वर्गणी, कमानीला नाव, पुतळ्याची जागा यासाठी आम्ही रात्र जागवतो, जागवलीही पाहिजे. पण बाबासाहेब १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाहीच्या जोडीने भांडवलशाहीलाही शत्रू म्हणाले, आणि मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले, हा भाग भाषणात येतो तरी किती? साहेब खाणीत उतरले आणि आम्हाला तालुक्यातल्या क्रशरपर्यंत जायला वेळ नाही. वडार आपला नाही, तो विमुक्त जातीत, असे म्हणणारेही आमच्यात आहेत. कर्नाटकात हाच समाज अनुसूचित जातीत आहे. उदगीरच्या पुढे बिदरची हद्द ओलांडली की तो 'आपला' होतो काय?

कायदा नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका. क्रशरला पत्र्याचे आच्छादन, वारा अडवणारी भिंत, पाण्याचे फवारे बंधनकारक आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस कळवण्याजोगा रोग होता आणि कलम ८९ ने तो कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवरही टाकली होती. २०२० च्या संहितेतही ती आहे. मात्र महाराष्ट्राने २०१५ मध्येच विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेली आणि हजेरीपटावर १९ नावे ठेवण्याची सोय करून दिली. तरीही भरपाईच्या कायद्यात हा रोग आहे. राजस्थानने २०१९ मध्ये धोरण करून रुग्णाला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख देऊ केले. तशी तपासणी मंडळे लातूर-नांदेडला बसली पाहिजेत, ही मागणी आम्ही करतो.

तोवर वस्तीवर जाऊन एक वही करा. नाव, वय, कुठल्या क्रशरवर किती वर्षे, टीबीची कार्डे किती वेळा निघाली. प्रत्येक जुना एक्स-रे जपून ठेवायला सांगा. दवाखान्यात सोबत जा आणि केसपेपरवर 'दगडकाम, इतकी वर्षे' एवढे लिहून घेतल्याशिवाय उठू नका. दगड फोडणे हे बांधकाम कामगार मंडळाच्या यादीतले काम आहे. ९० दिवसांचा दाखला मिळवून नोंदणी करा. आणि मालक म्हणेल, 'हा माझ्याकडे दोनच वर्षे होता, आधी दुसऱ्यांकडे होता.' त्याला भरपाईचा कायदा दाखवा. अनेक मालकांकडे काम करून असा रोग जडला तर सगळेच मालक भरपाईला जबाबदार, आणि कोणी किती द्यायची हे सक्षम प्राधिकारी ठरवतो. म्हणून वहीत एकाही क्रशरचे नाव सुटता कामा नये, बंद पडलेल्याचेसुद्धा.