थेंबभर रक्त, घागरभर गाजावाजा

ऑटिझम आता म्हणे रक्ताच्या थेंबातून कळणार! नॅनो-सेन्सरची अशी बातमी आली की झाडून सगळे नातेवाईक ती मला फॉरवर्ड करतात. स्वमग्न मुलाचा बाप म्हणून मी हरखून जावं, ही त्यांची अपेक्षा. माझं मात्र डोकं फिरतं.

सेन्सरशी माझं भांडण नाही. ग्राफीनच्या पापुद्र्यावर अँटिबॉडी बसवायची, हवा तो रेणू तिला चिकटला की विजेच्या प्रवाहात पडणारा फरक मोजायचा. काम चोखच आहे. पण ‘हवा तो रेणू’ कोणता? घोडं इथंच पेंड खातं. ऑटिझम असलेल्या काही मुलांच्या रक्तात सेरोटोनिन जास्त असतं, हे १९६१पासून ठाऊक आहे. ते आढळतं साधारण चौघांत एकाच्या. उरलेल्या तिघांचं काय? जे साठ वर्षांत निदानाच्या कामी आलं नाही, ते आणखी बारीक मोजल्याने येईल? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

२०१८मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी रक्त-लघवीतल्या बिघडलेल्या प्रथिनांवरून चाचणी मांडली. ऑटिझमची मुलं ३८, इतर ३१. पहिल्या गटातली ९२ टक्के मुलं ओळखता आली, दुसऱ्यातली ८४ टक्के बरोबर वगळता आली. हेच आकडे सरसकट हजार मुलांना लावून बघा. शंभरात एक धरलं, तर ऑटिझमची मुलं दहा; त्यातली नऊ सापडतील. आणि ज्यांना ऑटिझम नाही अशा सुमारे १५८ मुलांच्या घरी विनाकारण रडारड!

‘निदान लवकर होईल’, असं मला ऐकवलं जातं. निदान आजही होतंच, पण मुलासमोर सतरंजीवर बसून. हाक मारल्यावर वळतो का? बोट दाखवलं तिकडे बघतो का? मोटार चालवतो, की उलटी करून चाकच फिरवत राहतो? आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी ‘आयसा’ ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी आहे. ती लावायला शिकलेला, सवड असलेला माणूस लागतो. आमच्या जवळच्या सरकारी केंद्रात स्पीच थेरपिस्टची खुर्चीच रिकामी होती. निदानाचा कागद घेऊन आम्ही त्या खुर्चीला नमस्कार करायचा का?

प्रयोगशाळांनी खुशाल संशोधन करावं. पण तालुक्याला थेरपिस्ट नेमल्याशिवाय ‘थेंबात निदान’ची जाहिरात करणं म्हणजे आईबापांची क्रूर थट्टा आहे. तेव्हा मंडळी, ती बातमी मला पाठवू नका. आमदाराला पाठवा, आणि खाली विचारा: ती खुर्ची कधी भरताय?